प्लास्टर दुरुस्ती संचाबाबत तक्रार : बाटलीत काय आहे ते लिहा, पिशवीतली रेती बदला

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
प्लास्टर दुरुस्ती संचाची उत्पादक कंपनी

विषय : बाँडिंग लिक्विडवरील चुकीचा दावा, निकृष्ट रेती व अपुऱ्या सूचना

महोदय/महोदया,

आम्ही नागपुरात घरदुरुस्तीची लहान कामे करणारे मिस्त्री आणि ठेकेदार आहोत. आपला ‘आतून-बाहेरून, सर्व भिंतींसाठी’ असे छापलेला दुरुस्ती संच मानेवाडा भागातील एका घरमालकाने विकत घेतला. त्यात 1 लिटर पांढरे बाँडिंग लिक्विड (जुन्या भिंतीला नवे प्लास्टर धरून ठेवणारे द्रव), 25 किलोची ‘प्लास्टर सँड’ची पिशवी आणि एक इंग्रजी पत्रक होते. सिमेंट ग्राहकाने आणायचे होते. न्हाणीची बाहेरची भिंत आणि वायरिंगसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या, असे मिळून हे थोडेसे काम. पत्रकाप्रमाणेच केले. पावसाळ्यात बाहेरचा भाग सुटून पडला आणि आतल्या झिऱ्यांवर बारीक भेगांची जाळी उठली. घरमालकांच्या संमतीने हे पत्र लिहीत आहोत. पावती, बॅच क्रमांक आणि फोटो सोबत आहेत.

सुटलेल्या तुकड्याची पाठ पाहा. तिला विटेचा कण चिकटलेला नाही, जुन्या प्लास्टरचाही नाही. पूर्ण पाठीवर गुळगुळीत, पांढरट पापुद्रा आहे आणि ओला केला की तो बोटाला चिकट लागतो. म्हणजे सिमेंटने दगा दिलेला नाही. जोड सुटला तो आपल्या लिक्विडच्या थरात. बाटलीतले लिक्विड काचेवर पातळ पसरून, पूर्ण वाळवून रात्रभर पाण्यात ठेवले. सकाळी पापुद्रा दुधाळ होऊन बोटाने निघून आला. एसबीआरचा (स्टायरिन-ब्युटाडाइन रबर, ओलीला टिकणारे बाँडिंग लिक्विड) पापुद्रा पाण्यात थोडा पांढरा पडतो, पण चिवट राहतो, असा विरघळत नाही. त्यामुळे आमचे स्पष्ट मत आहे की बाटलीत पीव्हीए आहे, म्हणजे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाच्याच जातीचा पॉलिमर.

पीव्हीए वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. कोरड्या खोलीत, आतल्या भिंतीवर तो चालतो. पण ओल लागली की तो पुन्हा मऊ होतो. न्हाणी, मोरी, गच्चीचा कठडा, खिडकीखालची बाहेरची बाजू, पायाजवळचा लोणा लागणारा पट्टा, इथे तो कधीच वापरू नये. अशा ठिकाणी एसबीआर किंवा ॲक्रिलिक लागते. अमेरिकेच्या एएसटीएम सी 1059 या मानकातही बाँडिंग लिक्विडचे हेच दोन प्रकार केलेले आहेत : पाण्यात पुन्हा विरघळणारे आणि न विरघळणारे. आपल्या बाटलीवर पॉलिमरचे नावच नाही. दुकानदाराला ते माहीत नाही, ग्राहकाला कळायला मार्ग नाही, आणि ‘बाहेरून’ हा शब्द मात्र मोठ्या अक्षरांत आहे. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

पत्रकातली सूचनाही चुकीची आहे. ‘लिक्विड लावून दोन-तीन तास पूर्ण वाळू द्या, मग प्लास्टर करा’ असे त्यात म्हटले आहे. बाजारात एसबीआर आणि पीव्हीए दोन्ही एकाच नावाने विकले जातात. ग्राहक उद्या एसबीआर आणून हीच पद्धत वापरेल आणि तेही काम वाया जाईल. एसबीआरची रीत वेगळी आहे. जुना पृष्ठभाग टाचे मारून खडबडीत करायचा, धूळ ब्रशने काढायची, भिंत पाण्याने भिजवायची आणि वरचे पाणी उतरू द्यायचे. मग एक भाग एसबीआर, एक भाग पाणी आणि ब्रशने लावता येईल इतके सिमेंट कालवून तो घोळ भिंतीत चोळायचा. तो ओलसर, चिकट असतानाच मसाला (सिमेंट-रेतीचे मिश्रण) चढवायचा. वाळला तर त्याचा पापुद्रा होतो आणि जोडण्याऐवजी तोच थर वेगळे करतो. तसे झाले तर त्यावर नुसता दुसरा हात देऊन भागत नाही. पापुद्रा खरवडून काढूनच पुन्हा लावावे लागते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, पश्चिमेच्या भिंतीवर हा चिकटपणा काही मिनिटेच टिकतो. म्हणून लगेच थापता येईल तेवढ्याच भागाला घोळ लावायचा आणि शक्यतो सकाळी लवकर काम उरकायचे. पत्रकात हवामानाचा उल्लेखही नाही.

आता रेती. पिशवीत नदीची रेती नाही, दगडाची क्रश सँड आहे. त्यालाही हरकत नव्हती. कन्हान नदीची रेती सगळ्यांना परवडत नाही आणि नीट धुतलेल्या, चाळलेल्या क्रश सँडने चांगले प्लास्टर होते. पण या पिशवीत चुरीच (दगडाची बारीक पूड) जास्त आहे. प्लास्टरच्या रेतीसाठी आयएस 1542 हे भारतीय मानक आहे. त्यानुसार 600 मायक्रॉनच्या चाळणीतून 80 ते 100 टक्के, 300 मधून 20 ते 65 टक्के आणि 150 मधून जास्तीत जास्त 15 टक्के रेती खाली जावी. आपल्या पिशवीतली चौथाईहून जास्त रेती 150 च्या चाळणीखाली गेली. काचेच्या बरणीत मीठ घातलेल्या पाण्यात हलवून ठेवल्यावर रेतीच्या वर करड्या गाळाचा जाड थर बसला. कामावर साधारण 8 टक्क्यांच्या वर थर दिसला की आम्ही रेती परत पाठवतो किंवा धुतो.

एवढी पूड असली की मसाला करणीला मऊ लागतो, म्हणून नवख्याला तो आवडतो. पण त्याला पाणी जास्त लागते. ते पाणी उडाले की मसाला आकसतो आणि पृष्ठभागावर जाळी उठते. झिऱ्यांवरच्या भेगा याच आहेत. शिवाय 25 मिमी खोल झिरी एकाच दमात भरायला सांगणे चूक आहे. आधी जाडसर रेतीचा थर द्यावा, तो ओरखडून ठेवावा, घट्ट झाल्यावर वरचा 6 ते 8 मिमीचा थर बारीक रेतीने द्यावा, आणि मग किमान सात दिवस पाणी मारावे. पाणी मारण्याबद्दल पत्रकात ‘आवश्यकतेनुसार’ एवढेच आहे.

मापाचीही गफलत आहे. पिशवीतली रेती ओलसर असते आणि पत्रक मगाने मोजायला सांगते : एक मग सिमेंट, चार मग रेती. ओलसर रेती फुगते. चार ते पाच टक्के ओलीला आकारमान सहज चौथाईने वाढते. तेव्हा चार मग रेती म्हणजे प्रत्यक्षात सव्वातीन मगच. मसाला 1:4 न राहता 1:3 कडे सरकतो, आणि जास्त सिमेंट म्हणजे पुन्हा जास्त आकुंचन. मापाने करायचे तर पाच मग ओली रेती घ्या असे लिहा, नाहीतर रेती वाळवून भरा. ओलसर रेती वजनावर विकताना ग्राहक पाण्याचेही पैसे देतो, हेही लक्षात घ्यावे.

‘12 मिमी जाडीने 20 चौरस फूट’ हा दावा हिशेबात बसत नाही. 25 किलो कोरडी रेती म्हणजे जेमतेम 15-16 लिटर. 1:4 ला तिचा साधारण 15 लिटर मसाला होतो, म्हणजे सांडलवंड न धरता 13 चौरस फूट. वीस फुटांना 37 किलो रेती लागेल. अर्ध्या भिंतीवर माल संपला की माणूस दुकानातून मिळेल ती रेती आणतो आणि जोडावर भेग पडते.

पत्रकावरच्या फोटोत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग याच मसाल्याने भरलेली दाखवली आहे. इथल्या काळ्या मातीत पाया पावसाळ्यात उचलतो, उन्हाळ्यात बसतो. तशी भेग वर प्लास्टरची जाळी (मेश) न लावता भरली तर पुढच्या ऋतूत पुन्हा उघडते. दोन्ही बाजूंना किमान 150 मिमी जाळी घ्यावी लागते. तो फोटो काढून टाका.

आमच्या मागण्या : घरमालकांना संचाची पूर्ण किंमत, प्लास्टर पाडून पुन्हा करण्याची मजुरी आणि नवीन मालाचा खर्च मिळावा. या बॅचचा माल नागपूरच्या दुकानांतून परत घ्यावा. बाटलीवर पॉलिमरचे नाव, तो कुठे वापरू नये आणि चिकटपणा किती वेळ टिकतो हे मराठीत व हिंदीत छापावे, कारण हातात करणी असलेला माणूस तेच वाचणार आहे. पीव्हीएच ठेवायचे असेल तर ‘बाहेरून’ हा शब्द काढावा. रेतीच्या पिशवीवर चाळणीचा निकाल द्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास घरमालक राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवतील आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जातील. सुटलेले तुकडे, उरलेले लिक्विड आणि पिशवीतली सुमारे चार किलो रेती सीलबंद ठेवली आहे. आपल्या तांत्रिक विभागाच्या माणसाने नागपुरात येऊन आमच्यासमोर तपासावी. भिंत तोवर तशीच ठेवली आहे.

आपले,
घरदुरुस्तीचे मिस्त्री व ठेकेदार,
घरमालकांच्या वतीने,
नागपूर