शिंगांना तेल लावणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

नाव घालू नको म्हणालात, म्हणून नुसतंच मामा.

मी स्वतःलाच म्हैस करून स्वतःचे फोटो काढते, यावर आजवर काय काय ऐकून घेतलं! एका गॅलरीवाल्यांचा सल्ला, "म्हैस कशाला? गाय करा, भिंतीवर लागेल तरी." एका स्टुडिओवाल्यानं माझी पंढरपुरी म्हशीच्या वळणाची, खांद्याच्या मागं जाणारी शिंगं बघितली आणि दारातूनच आगाऊ पैसे परत केले. दक्षिण आफ्रिकेच्या नांदिफा म्न्तांबोनं २००८ मध्ये 'युरोपा' या फोटोत स्वतःला शिंगं आणि केस देऊन अर्धी बैल केलं, गाईची कातडी स्वतः कमावून ती शिल्पं करते, हे सांगितलं की हीच मंडळी माना डोलावतात. तिकडं कला, आणि कोल्हापुरात थेरं!

तुम्ही हसला नाहीत. दिवाळी पाडव्याच्या सगरीची, म्हशी सजवून काढायच्या मिरवणुकीची, तयारी चालली होती. म्हशी भादरून झाल्या होत्या, कवड्यांच्या माळा खुंटीला होत्या, वाटीत थोडं तेल उरलं होतं. काही न बोलता तुम्ही ते तळहातावर घेतलंत आणि माझ्या कागदाच्या लगद्याच्या शिंगांना बुडापासून टोकापर्यंत चोळलंत. आत्ताच तुमच्या म्हशीला चोळलं होतं, अगदी तसंच. मग दोन पावलं मागं सरून म्हणालात, "समोर नगं बघू. म्हैस मान वळवून एका डोळ्यानं बघती."

डोळे कानशिलाकडं असलेलं जनावर समोर कशाला रोखून बघेल? ती आपली खोड. मान वळवली, मुठीतलं रिमोटचं बटण दाबलं, आणि स्क्रीनवर जी उभी होती तिला मी चटकन ओळखलंच नाही. तेलामुळं शिंगांच्या वळ्यांनी उजेड कसा धरलाय, ते बघाच.

दुसऱ्याचं काम कळलं नाही तरी ते काम आहे, एवढं मानणारी माणसं विरळाच. म्हैसच का, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. ते तेल अजून शिंगांना आहे, पुसवत नाही.

प्रिंट तयार आहे. गोठ्यात लावणार म्हणालात, पण तिथं ओल धरेल, सोप्यात लावा. देव्हाऱ्याशेजारी नको असं मामी म्हणाल्या, ते मात्र बरोबर आहे.

तुमची,
शिंगंवाली