व्यावसायिक उपग्रहावर हौशी रेडिओ ट्रान्सपॉन्डर : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

एका व्यावसायिक उपग्रहावर रेखीय ट्रान्सपॉन्डर (एका वारंवारितेवर आलेले संदेश दुसऱ्या वारंवारितेवर परत पाठवणारे यंत्र) बसवून पाठवण्याची तयारी आमचा हौशी रेडिओ क्लब करत आहे. अशा व्यवस्थेत वीज, दिशानियंत्रण आणि उड्डाण यांची सोय यजमान उपग्रहाकडून होते. २०१८ साली एस-हेल-२ या दूरसंचार उपग्रहावरून गेलेला हौशी पेलोड (उपग्रहावर बसवलेले उपकरण) आज क्यूओ-१०० म्हणून भूस्थिर कक्षेतून चालतो, तो याच वाटेने गेला.

यजमानाची मुख्य अट रास्त आहे : आमच्या डब्यामुळे मूळ उपग्रहाला इजा होता कामा नये. बहुतेक खर्च हे सिद्ध करण्यातच जातो. करंट वाढला की वीज तोडणारा स्विच हवा. गोंद आणि कोटिंग निर्वातात वाफ सोडतात, ती शेजारच्या भिंगावर साचते. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर धातूचे बारीक तंतू वाढून पिना शॉर्ट होतात, म्हणून तसे भाग बाद.

खरी कसोटी नको त्या वारंवारिता अडवणाऱ्या फिल्टरची. डाउनलिंक (उपग्रहाकडून जमिनीकडे येणारे प्रसारण) १४५.८ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये आहे. तिची तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारितेवर उमटणारी नकोशी प्रत, ४३७.४ ते ४३८ वर येते. म्हणून अपलिंक (जमिनीवरून उपग्रहाकडे जाणारे प्रसारण) ४३५.१ च्या आसपास ठेवली. तरीही अंतर इतके कमी की ट्रान्समीटर सुरू होताच रिसीव्हरचा पहिला टप्पा दबतो आणि दुबळी स्टेशने ऐकूच येत नाहीत. टेबलावर नेमका जुळवलेला फिल्टर थंडीत सरकतो, तेव्हा तापमान बदलत मोजण्याला पर्याय नाही.

यासाठी सर्वांत आधी हवा आहे थर्मो-व्हॅक्युम चेंबर (निर्वातात तापमान बदलून चाचणी घेणारी पेटी) आणि व्हायब्रेशन टेबल (उड्डाणासारखे हादरे देणारे यंत्र) यांवरचा वेळ. तो मिळाला तर देणगीचा मोठा भाग वाचेल. जमणारा पैसा दोन संचांवर खर्च होईल : एक चाचण्यांमध्ये झिजवायचा, दुसरा उडणारा. प्रत्येक देणगीची पावती क्लबचे खजिनदार देतील.

माणसेही हवीत. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सोल्डरिंग करणारे हात कमी पडतात. शिवाय, गरज पडताच ट्रान्समीटर बंद करू शकतील अशी पुरेशी कमांड स्टेशने उड्डाणाआधीच सज्ज असावीत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ज्यांच्याकडे ४३५ मेगाहर्ट्झची यागी (एका दिशेला रोखलेला अँटेना), तो दोन्ही अक्षांवर फिरवणारा रोटेटर आणि खात्रीची वीज आहे, त्यांनी जरूर कळवावे.

सुटे भाग देणार असाल तर निर्मात्याचा बॅच क्रमांक आणि खरेदीचा कागद सोबत द्या. कागद नसलेले भाग उडणाऱ्या संचात चालत नाहीत. ते चाचणीच्या संचात वापरू.