‘होली ग्रेल’ म्हणजे परीस नव्हे

महोदय,

विज्ञानविषयक बातम्यांत ‘होली ग्रेल’ला प्रतिशब्द म्हणून ‘परीस’ योजला जातो. ‘बॅटरी संशोधनातला परीस’ अशा धर्तीचे मथळे त्यातूनच येतात. हा प्रतिशब्द चुकीचा आहे.

ग्रेल हे युरोपातल्या मध्ययुगीन कथांतले पवित्र भांडे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतिएँ द त्रुआ या फ्रेंच कवीच्या काव्यात ते पसरट ताटासारखे येते. येशूच्या अखेरच्या भोजनातला पेला ही ओळख त्याला नंतर मिळाली. त्या कथांत सगळे मोल शोधाला आहे. म्हणून इंग्रजीत त्याचा लाक्षणिक अर्थ झाला ज्याच्यामागे सारे लागले आहेत असे साध्य. परीस म्हणजे स्पर्शमणी. तो लोखंडाला लागला की लोखंडाचे सोने होते. इथे शोध गौण, पालट मुख्य. तेव्हा हा शब्द लिहिण्याआधी वाक्यात लोखंड कोणते आणि सोने कोणते, हे दाखवता आले पाहिजे. ‘नव्या प्रशिक्षकाच्या परीसस्पर्शाने संघ पालटला’ हे बरोबर. बॅटरीच्या मथळ्यात लोखंडच नाही! तिथे ‘परमसाध्य’ किंवा सरळ ‘आजवर हुलकावणी देणारे उद्दिष्ट’ लिहावे.

दुसरी गल्लत ‘टचस्टोन’लाही परीस म्हणण्याची. तो कसोटीचा काळा दगड. सोने त्यावर घासून उमटलेली रेघ माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून पाहतात. तो पारख करतो, कशाचे सोने करत नाही. तिथे ‘कसोटी’ किंवा ‘निकष’ हवा; निकष हे त्याच दगडाचे संस्कृत नाव. मनात येईल ते देणारा चिंतामणी तर आणखी निराळा.

हा काटेकोरपणा आपल्या संतांनी पाळला आहे. ‘लोहपरिसाची न साहे उपमा’ असे तुकोबा सद्गुरूंविषयी म्हणतात, कारण परीस लोखंडाचे सोने करतो, परीस करत नाही. सद्गुरू मात्र शिष्याला आपणासारखे करतात. परीस म्हणजे कोणतीही दुर्मीळ वस्तू, असे एकदा रुळले की पुढच्या वाचकाला या ओळीतली नकाराची धारच कळणार नाही. हे नुकसान मोठे आहे.

लेखनाबाबतही एक विनंती. मूळ शब्द ‘परीस’, पण सामान्यरूपात ‘री’ ऱ्हस्व होते: परिसाला, परिसाचा. ‘परीसाचा’ ही चूक मुद्रितशोधनात सहज टळेल. ‘त्याच्यापरीस हा बरा’ यातला ‘पेक्षा’ या अर्थाचा परीस आणि ‘ऐका’ या अर्थाचे ‘परिसा’ यांचा या मण्याशी संबंध नाही.

– मराठी भाषेचा एक अभ्यासक