मखराचा दुसरा फोटोही मागवा

महोदय,

आपल्या दैनिकाने यंदाच्या घरगुती गणेश सजावट स्पर्धेचे निकाल छापले. एकेक फोटो मी निरखून पाहिला. लोकांनी मेहनत खरोखरच घेतली आहे. पण आता पितृपक्ष लागला आहे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या ढिगावर तसल्याच एका मखराचे सोनेरी खांब पडून आहेत. पावसाने त्यांचा रंग निघाला आहे, आतून पांढरा फोम दिसतो आहे. पंधरा दिवसांपूर्वी त्याच खांबांमध्ये देव बसला होता आणि आपण त्यापुढे हात जोडले होते. त्या स्पर्धेच्या नियमांत एक भर घालावी, एवढे सुचवण्यासाठी हे पत्र.

मूर्तीच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी शेवटाचाही विचार करून ठेवला आहे. प्राणप्रतिष्ठा आहे तशी उत्तरपूजाही आहे. अक्षता वाहायच्या, 'पुनरागमनाय च' म्हणायचे, मूर्ती जागेवरून किंचित हलवायची, मगच ती उचलायची. आमच्याकडे विसर्जनाहून येताना पाट रिकामा आणत नाहीत, त्यावर वाळू आणतात, घरी आल्यावर पुन्हा आरती होते आणि ती वाळू तुळशीत पडते. इतके सगळे नीट ठरलेले आहे. मखराचे काय करायचे, ते मात्र कोणीच ठरवलेले नाही.

आमचा गणपती पाच दिवसांचा. मखर बांधायला घरात सात माणसे असतात, तीन रात्री जागतात, मध्ये मध्ये चहा होतो, गाणी होतात. उतरवायला सूनबाई आणि मी. बाकीचे दुसऱ्या दिवशी कामावर, शाळेत. हे माझ्या एकटीच्या घरचे गाऱ्हाणे नाही, ओळखीतल्या बहुतेक घरांत असेच आहे. दोन्हीकडून चिकटणारी टेप ओढली की भिंतीच्या रंगाचा पापुद्रा सोबत येतो. राहिलेला डिंक खोबरेल तेल चोळून चोळून काढावा लागतो. समईखाली तेलाचा ओघळ, त्यावर बेसन पसरून ठेवायचे. कुंकवाचा लाल डाग फरशीवर बसलेला असतो. प्रसादाच्या कणांमागे मुंग्यांची रांग लागलेली असते. आणि ती चमकी! फरशीच्या फटींत, सोफ्याच्या शिवणीत, पायपुसण्यात. दिवाळीच्या झाडलोटीतही ती सापडत राहते. झाडून काढली तरी जाते कुठे, तर पाण्याबरोबर गटारात.

थर्माकोलच्या मखरांवर राज्याने मार्च २०१८ मध्ये बंदी आणली. त्याच वर्षी जुलैमध्ये मखरे करणाऱ्यांनी गणेशोत्सवापुरती सवलत मागितली, ती उच्च न्यायालयाने दिली नाही. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण बाजाराने थर्माकोलच्या जागी फोमच्या शीट आणल्या, छापील सनबोर्डची, म्हणजे फोमच्या ताठ पाट्यांची, मंदिरे आणली, कापडी म्हणून विकली जाणारी प्लास्टिकची फुले आणली. दुकानात ही 'इको फ्रेंडली' म्हणून मिळतात, आणि आपणही त्या शब्दावर समाधान मानून घेतो.

मागच्या वर्षी आम्ही असेच एक तयार मंदिर घेतले होते. पुढच्या वर्षीही वापरू, असे ठरवून ते माळ्यावर टाकले. मे महिन्यात काढून पाहिले तर वाकडे झालेले, कडा सुटलेल्या. रद्दीवाल्याला विचारले, तो म्हणाला, "आजी, हे कोणी घेत नाही." कारण सरळ आहे. पुठ्ठा असता तर पुठ्ठ्यात गेला असता, प्लास्टिक असते तर प्लास्टिकमध्ये. इथे फोमवर छापील कागद, त्यावर प्लास्टिकचा थर, त्यावर डिंकाने चिकटवलेली वेलबुट्टी. एकमेकांपासून ते वेगळे निघतच नाही. शेवटी ते घंटागाडीत दिले. गाडीवरच्या बाईंनी सांगितले, "मोडून द्या, अख्खे मावत नाही." मी दाराशी बसून कात्रीने त्याचे तुकडे केले. कळस कापताना मला फार वाईट वाटले. आणि त्या बाईंनी त्या आठवड्यात असे किती कळस हाताने गाडीत दाबले असतील, ते मनात येऊन अधिकच वाईट वाटले.

माझे माहेर सिंधुदुर्गातले. तिथे मखर नव्हतेच, माटवी होती. लाकडी पट्ट्यांची चौकट गणपतीच्या डोक्यावर टांगायची आणि तिला रानात, परसात जे पिकले असेल ते बांधायचे. आंब्याच्या डहाळ्या, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळाची केशरी फळे, तेरडा. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात. मागच्या भिंतीवर रंगवलेले चित्र असायचे, ते वर्षभर तसेच राहायचे. गणपती गेले की दुसऱ्या दिवशी बाबा स्टुलावर चढत आणि आम्ही मुले खाली ओंजळी धरून उभे राहत असू. खाण्याजोगे होते ते शेजारीपाजारी वाटले जाई, पाला माडाच्या आळ्यात पडे, चौकट माळ्यावर जाई. ते काम दुपारची जेवणे व्हायच्या आत संपे आणि आम्हा मुलांना त्याचे माटवी बांधण्याइतकेच अप्रूप होते. शहरातल्या दोन खोल्यांत कोणी माटवी बांधावी, असे मी म्हणत नाही. कवंडळ इथे शोधायचे तरी कुठे? पण जी गाठ मारली ती सोडवताही आली पाहिजे, हे त्यातून घेता येते.

यंदा आम्ही तसे केले. बांबूच्या चार काठ्या, सुतळी, माझ्या काठपदराच्या दोन जुन्या साड्या आणि नातवाने खोक्यांच्या पुठ्ठ्यावर रंगवलेली कमळे. डिंक नाही, टेप नाही, चमकी नाही. नातवाला आधीच सांगून ठेवले होते की कमळे जो बांधेल तोच सोडेल. विसर्जनानंतरच्या रविवारी सगळ्यांनी मिळून ते उतरवले, पाऊण तास लागला. साड्या धुऊन कपाटात गेल्या. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळल्या, म्हणजे दिवाळीत गुंता सोडवत बसायला नको. हारांतला नायलॉनचा दोरा आणि जरीचे गोंडे ओढून काढले, फुले आणि दूर्वा मातीच्या कुंडीत घातल्या. निर्माल्य म्हणून आपण देतो त्यात दोरा किती असतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. मूठभर निघाला.

तर माझी विनंती अशी. पुढच्या वर्षी स्पर्धा जाहीर कराल तेव्हा प्रत्येक स्पर्धकाकडून दोन फोटो मागवावेत. पहिला आरास मांडल्याचा. दुसरा ती उतरवल्यानंतरचा: काय जपून ठेवले, ओल्या कचऱ्यात काय गेले, सुक्यात काय गेले आणि काय कुठेच जाईना. सोबत, उतरवायला घरातले कोण कोण होते, एवढी एक ओळ. निम्मे गुण या दुसऱ्या फोटोला असावेत. पहिल्या फोटोत हरलेली किती तरी साधी मखरे मग वर येतील.

मुदत सर्वपित्री अमावास्येपर्यंत ठेवावी. त्यानंतर घटस्थापनेची झाडलोट सुरू होते आणि कोपऱ्यात उभी असलेली बरीच मखरे त्याच दिवशी रस्त्यावर येतात.

आपली एक जुनी वाचक,
ठाणे जिल्हा