लिफ्टशेजारची नोटीस काढा, ई-खात्याचं काम हाती घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
फ्लॅट ओनर्स असोसिएशन,
टिळकवाडी, बेळगाव.

विषय: भाडेकरू व गाळेधारकांना दिलेली 15 दिवसांची नोटीस मागे घेण्याबाबत आणि सर्व फ्लॅट व गाळ्यांच्या ई-खात्याचे (महापालिकेच्या दप्तरातील मालमत्तेच्या ऑनलाइन उताऱ्याचे) काम असोसिएशनने हाती घेण्याबाबत.

माननीय अध्यक्षसाहेब,
स. न. वि. वि.

सोमवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि लिफ्टशेजारी चिकटवलेली नोटीस वाचली. इंग्रजीत आहे. भाडेकरूंनी 15 दिवसांत रजिस्टर्ड करार आणून द्यावा, नाहीतर पाणी बंद. खालच्या चारही गाळेधारकांनी भाड्यावर 18 टक्के जीएसटी आपापल्या मालकाकडे द्यावा. आणि ‘पुढे त्रास नको’ म्हणून दुकानांवरच्या मराठी पाट्या उतरवाव्यात. खाली तुमची आणि सेक्रेटरींची सही.

मी 26 वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. मी वकील नाही. पण भाडेकरार, खरेदीपत्रं आणि नोटिसा एवढ्या टाइप केल्या की कुठलं वाक्य कुठल्या कायद्यातून आलं ते चटकन ओळखू येतं. तुमच्या तिन्ही मुद्द्यांच्या मुळाशी खरे कायदे आहेत, पण ते कुणीतरी अर्धे ऐकून तुमच्यापर्यंत पोचवलेत. मीटिंगला उभं राहून बोलले असते तर वाद झाला असता, म्हणून लिहूनच देते.

पाटीपासून सुरुवात करते, कारण शिलाईवाल्या मावशी त्याच दिवशी संध्याकाळी रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यात 2024 साली दुरुस्ती झाली. दुकान, हॉटेल, दवाखाना, कुठल्याही व्यवसायाच्या पाटीवर 60 टक्के भाग कन्नडमध्ये हवा आणि तो वरच्या बाजूला हवा, असं ती सांगते. तो कायदा आहे आणि तो पाळायलाच हवा. पण उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी लिहायला त्यात कुठेही बंदी नाही. तुम्ही पाटीच उतरवायला सांगताय, म्हणजे कायद्याने मागितलं नाही तेही आपण आपल्या हाताने देऊन टाकतोय.

मावशींना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी गळ्यातली टेप काढली. पाटी चार फूट रुंद, दोन फूट उंच. चोवीस इंचाचे साठ टक्के म्हणजे साडेचौदाला थोडं कमी. त्यांनी शिलाईच्या खडूने पत्र्यावर बरोबर पंधरा इंचांवर रेघ मारली आणि म्हणाल्या, “अर्धा इंच जास्तच सोडते बाई, शिलाईत पण मार्जिन सोडतो की.” वरच्या भागात कानडी येणार, खाली ‘फॉल, पिको, शाळेचे युनिफॉर्म’ मराठीत राहणार. वडगाव-शहापूरकडच्या निम्म्या गिऱ्हाइक बायका ती खालचीच ओळ वाचून पायरी चढतात. दुसऱ्या मजल्यावरच्या गोकाकच्या वहिनींनी कानडी मजकूर कागदावर सुवाच्य लिहून दिलाय. पेंटरला आगाऊ पैसेही देऊन झालेत.

जीएसटीचं तर उलटंच झालंय. धंद्याच्या जागेचं भाडं असेल, मालकाचं जीएसटी रजिस्ट्रेशन नसेल आणि भाडेकरूचं असेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून तो 18 टक्के कर भाडेकरूने स्वतः सरकारकडे भरायचा. मालकाच्या हातात द्यायचा नाही. कॉम्पोझिशन स्कीममध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या करयोजनेत) असलेल्या दुकानदारांना 16 जानेवारी 2025 पासून यातून वगळलंय. मालक आणि भाडेकरू दोघांचंही रजिस्ट्रेशन नसेल तर हा करच लागत नाही. आपल्या चार गाळ्यांच्या मालकांपैकी एकाचंही रजिस्ट्रेशन नाही. गाळेवाल्यांत फक्त हार्डवेअरवाल्याचं आहे, तो स्वतः भरतो आणि क्रेडिटही (भरलेल्या कराची वजावट) घेतो. मग मावशींकडून कोणता 18 टक्के? सेवेच्या धंद्याला वर्षाला 20 लाखांपर्यंत रजिस्ट्रेशन लागत नाही, मालविक्रीला 40 लाखांपर्यंत. मावशींच्या दिवसभराच्या पिकोत 20 लाख कुठून येणार? तरीही एका गाळ्याच्या मालकांनी नोटिशीचा फोटो काढून आपल्या भाडेकरूला फोनवर पाठवला आणि पुढच्या महिन्यापासून 18 टक्के वाढवून मागितले. तो पैसा सरकारकडे जाणार नाही, खिशात जाणार. तुमच्या सहीच्या कागदाचा असा उपयोग होतोय, हे तुम्हाला माहीत असावं.

भाजीवाल्या अण्णांनी तर क्यूआर कोडचा स्टिकर खरवडून काढलाय. 2025 च्या जुलैत यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून बेंगळुरूतल्या चहावाल्यांना, बेकरीवाल्यांना, छोट्या दुकानदारांना वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा गेल्या, ती भीती अजून उतरलेली नाही. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांना बोलावून दिलासा दिला, पण ती बातमी भीतीएवढी पसरली नाही. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, आणि नुसती करमुक्त वस्तू विकणाऱ्याला रजिस्ट्रेशनची गरज नाही. हे त्यांना असोसिएशनने सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्यांच्या कानावर तुमची नोटीस आली.

आता भाडेकरू. 15 दिवसांचा आकडा तुम्ही कुठून आणला ते मला कळलं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 106. महिन्या-महिन्याने चालणारं भाडं संपवायचं असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर 15 दिवसांची नोटीस. पण ती मालकाने भाडेकरूला द्यायची असते. शेजाऱ्यांच्या संघटनेने नाही. आणि नोटीस दिली म्हणून माणूस आपोआप बाहेर जात नाही, त्यासाठी कोर्टात जावं लागतं.

रजिस्टर्ड कराराचंही तसंच. कर्नाटकाचा 1999 चा भाडे कायदा महिना 3,500 च्या वर भाडं असलेल्या जागांना लागू होत नाही, आणि आज आपल्या बिल्डिंगमध्ये त्याहून कमी भाड्याचा एकही फ्लॅट नाही. म्हणजे राहिला 1908 चा नोंदणी कायदा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा किंवा वर्षागणिक चालणारा करार असेल तर नोंदणी सक्तीची. म्हणून तर सगळे 11 महिन्यांचा करतात. रजिस्टर केलेला कधीही चांगला, वकीलसाहेबही तेच सांगायचे. पण 11 महिन्यांचा करार रजिस्टर केला नाही म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला द्या, कराराची एक प्रत असोसिएशनकडे ठेवा, एवढं मागणं रास्त आहे, ते मागा.

पाण्याचं मात्र मला सहन होत नाही. दुसऱ्या मजल्यावर डाव्या बाजूला जी नर्स राहते, तिला चार महिन्यांचं बाळ आहे आणि आठवड्यातून तीन रात्री ड्युटी. राकसकोप धरणाचं पाणी आधीच रोज येत नाही. आलेलं टाकीत चढवायचं आणि त्यातून एका घराचा व्हॉल्व्ह बंद करायचा, हा अधिकार आपल्या बायलॉजमधल्या कुठल्या कलमाने दिला? मी पुन्हा काढून वाचले. मला सापडला नाही.

मी स्वतः शहापुरात एका खोलीत 14 वर्षं भाड्याने काढली आहेत. भाडं वाढवण्यावरून एकदा मालकांनी आमचा फ्यूज काढून नेला होता. मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. तीन रात्री ती कंदिलाच्या उजेडात वाचत बसली, मी काचेवरची काजळी पदराने पुसत शेजारी. भाडं आम्ही वेळेवर देत होतो. ते तीन दिवस मी विसरलेले नाही. म्हणूनच फ्लॅट घेतला तेव्हा मनाशी ठरवलं होतं की मालक म्हणून कुणाला असं वागवायचं नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने वागवलं तर गप्प बसायचं नाही.

अध्यक्षसाहेब, या सगळ्यात जो बदल आपल्या मालक लोकांना खरोखर गाठणार आहे, त्याबद्दल नोटिशीत एक शब्द नाही. 2024 च्या ऑक्टोबरपासून ई-खाता असल्याशिवाय मालमत्तेची विक्री रजिस्टर होत नाही. आसपासच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ई-स्वत्तूचे (तिकडच्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुना 9 आणि 11 लोकांना बरीच वर्षं माहीत आहेत, शहरात आपण मात्र घरपट्टीची पावती म्हणजे सगळं काही असं समजून निवांत बसलो. आपल्या 16 फ्लॅटपैकी मला माहीत असलेले सहा अजून जागेच्या मूळ मालकाच्या नावावरून वेगळे झालेले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. 2025 च्या जुलैत 30 लाखांना व्यवहार ठरला, इसारा घेतला, आणि ई-खात्यासाठी गाडी अडली. ते हातात येईपर्यंत 31 ऑगस्ट उलटला आणि त्या दिवसापासून नोंदणी फी 1 टक्क्यावरून 2 टक्के झाली. 30 हजारांचे 60 हजार. वरचे 30 हजार कुणी द्यायचे यावरून घेणारा माणूस महिनाभर काकांशी बोलत नव्हता.

माझ्या घरचं उदाहरण सांगते. आमच्या ह्यांच्या नावाची सुरुवात ‘ज्ञ’ने. आपण मराठी माणसं तो इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहितो. खरेदीपत्र इंग्रजीत. त्यावरून कानडीत नाव उतरवताना अक्षराला अक्षर लावलं गेलं आणि झालं ‘ड्न्या’. आधारवर ‘ग्या’ आहे, मीटरच्या बिलावर जी-एन. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, वारसा लावायचा होता, आणि काउंटरवर विचारलं, हे तिघे कोण? मी चष्मा काढून कानडी अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत होते. 35 वर्षं ज्या नावाने हाक मारली ते नाव कागदावर ओळखू येत नव्हतं. तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत म्हणून अ‍ॅफिडेव्हिट केलं. त्याचा स्टँप पूर्वी 20 रुपयांचा होता, 2024 पासून 100 चा लागतो. पैशाचं काही नाही, पण तीन महिने गेले. कानडी ज्ञ आणि मराठी ज्ञ एकच आहे, हे पहिल्याच दिवशी कुणी कानडी वाचणारं शेजारी उभं असतं तर दोन मिनिटांत उलगडलं असतं. पुढे गोकाकच्या वहिनींनीच अर्जावर बरोबर लिहून दिलं, एका ओळीत.

म्हणून माझी मागणी अशी. येत्या रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये टेबल लावू. प्रत्येकाने खरेदीपत्र, चालू वर्षाची घरपट्टी पावती, ईसी (मालमत्तेवर बोजा आहे की नाही त्याचा दाखला), आधार आणि हेस्कॉमच्या वीजबिलावरचा आर.आर. नंबर (ग्राहक क्रमांक) घेऊन यावं. वहिनी कानडी नावं तपासतील, मी अर्ज भरेन. सेक्रेटरींनी बिल्डरकडून मंजूर नकाशाची प्रत मागवून घ्यावी, ती एकट्या-दुकट्या माणसाला देत नाहीत, असोसिएशनच्या लेटरहेडवर देतील. जागेचं मूळ खरेदीपत्र मुंबई राज्याच्या काळातलं, मराठीत आहे, खाली मोडी सही. ते वाचून त्याचा मजकूर टाइप करून द्यायची जबाबदारी माझी. सहा फ्लॅट वेगळे झाले की गाळ्यांचे चार कागद बघू, त्यात शिलाईवाल्या मावशींच्या गाळ्याचे मालक पुण्यात असतात, त्यांना फोन तुम्हीच करा, तुमचं ऐकतील.

आणि यापुढची नोटीस कानडी आणि मराठी दोन्हींत लावा. इंग्रजी हवी तर तीही. भाजीवाले अण्णा, मावशी, वॉचमन, नोटिशीचा संबंध ज्यांच्याशी, त्यांतल्या एकालाही तो कागद स्वतः वाचता आला नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि ऐकताना तो आणखी कडक झाला. सरकारकडे तक्रार-अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने प्रत्येकाला दिलाय. सरकारशी आपल्या भाषेत बोलता येतं, मग आपल्याच बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांशी का बोलू नये?

पेंटर गुरुवारी पाटी लावायला येणार आहे. लिफ्टशेजारची नोटीस मी फाडलेली नाही, कुणाला फाडूही दिलेली नाही. तुम्ही लावली आहे, तुम्हीच काढा, गुरुवारच्या आत. नर्सला मी सांगून ठेवलंय की पाणी बंद होणार नाही. तुमच्या भरवशावरच सांगितलंय.

आपली,
फ्लॅट क्र. 7

प्रत: सेक्रेटरी, खजिनदार.