तिसऱ्या नोकरीआधीचे पत्र

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

नोकरी सोडून मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला जाणार आहे, असे परवा फोनवर सांगितले, तेव्हा बाबा, तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत आणि मग एकच प्रश्न विचारलात, "हे तुझ्या डोक्यात कोणी भरवले?" त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही, कारण त्या प्रश्नामागची काळजी मला स्पष्ट ऐकू येत होती आणि तिला घाईत काहीतरी सांगून गप्प करणे मला बरे वाटले नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्या मनात कोण होते, हे मला ठाऊक आहे. आई ज्याला पायाला भिंगरी लागलेला म्हणते, तो माझा कॉलेजातला मित्र, ज्याने आजवर पाच नोकऱ्या बदलल्या. याउलट डिझाइन ऑफिसातली माझी मैत्रीण तुम्हा दोघांना पहिल्या भेटीपासून आवडली. आम्ही एकाच वर्षी तिथे लागलो. मी नऊ वर्षांनी बाहेर पडले आणि ती पंधरा वर्षे झाली तरी त्याच टेबलावर, त्याच निष्ठेने काम करते आहे. तेव्हा बाबा, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. "थांब," असे मला त्याने सांगितले आणि "आता जा," असे तिने सांगितले.

पहिली नोकरी सोडताना मी दोघांपैकी कोणालाही विचारले नव्हते. एका इमारतीच्या पायाचे आराखडे मी चार महिने खपून केले होते आणि ते पुढे गेले तेव्हा त्यांच्यावर माझे नाव नव्हते. त्या रागात दोन आठवड्यांच्या आत मी राजीनामा दिला आणि अभियंत्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीत गेले. तुम्हाला मी तेव्हा पगार वाढल्याचे कारण सांगितले होते. ते खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते, आणि ही गोष्ट तुमच्यापासून इतकी वर्षे लपवली याचे मला वाईट वाटते. नव्या ठिकाणी नाव मिळाले, मानही मिळाला, आणि तरीही सहा महिन्यांत जुनेच रितेपण परत आले.

दीड वर्षापूर्वी ते असह्य झाले, तेव्हा मी त्या मित्राला फोन केला. त्याच्याशी त्याआधी वर्षभर माझे बोलणे झाले नव्हते. तो लगेच सोड म्हणेल, अशी माझी खात्री होती आणि खरे सांगायचे तर तेच ऐकण्यासाठी मी फोन केला होता. त्याने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "उद्या तुझे वरिष्ठ बदलले, तर तू राहशील का?" मला दोन दिवस उत्तर देता आले नाही. मग त्याने स्वतःची एक गोष्ट सांगितली, जी मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती. तिसरी नोकरी सोडल्यावर आठ महिने त्याच्या हाती पगार नव्हता आणि त्याने घरी कोणाला कळू दिले नव्हते. रोज सकाळी तयार होऊन तो बाहेर पडत असे. शिकवायचेच असेल, तर आधी वर्षभर दर शनिवारी शिकवून बघ, वर्ग आवडतो की वर्गाची कल्पना आवडते ते तुझे तुला कळेल, असे तो म्हणाला. बाबा, बदलाची किंमत ज्याने स्वतः मोजली आहे, त्याच्याइतके सावध दुसरे कोणी नसते, हे मला त्या दिवशी समजले.

मी चौदा महिने शनिवारी शिकवले. एकदा मुलांना लोखंड घातलेल्या काँक्रीटविषयी सांगताना, त्याचे पेटंट १८६७ साली घेणारा जोसेफ मोन्ये हा फ्रान्समधला माळी होता आणि झाडे लावायची कुंडी फुटू नये म्हणून त्याने तिच्यात लोखंडी जाळी घातली होती, हे मी सांगितले. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मग हे इंजिनियरांना आधी का नाही सुचले?" पुढचा अर्धा तास अख्खा वर्ग त्या एका प्रश्नावर बोलत होता. चौदा वर्षांच्या नोकरीत मला जे मिळाले नव्हते, ते त्या अर्ध्या तासात मिळाले.

त्यानंतर मी मैत्रिणीकडे गेले. तिने नेहमीप्रमाणे वही काढली, पान मधोमध दुमडले आणि एका बाजूला राहण्याचा, दुसऱ्या बाजूला जाण्याचा हिशेब मांडला. पगार निम्म्याहून कमी होणार, घराच्या कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षे आहेत, तुमच्या औषधोपचारांसाठी वेगळी रक्कम ठेवायलाच हवी, हे सगळे तिने माझ्याकडून काढून घेतले. मी मात्र जाण्याच्या बाजूला सगळ्यात वर लिहिले होते, "चौदा वर्षांचा अनुभव वाया." तिने ती ओळ खोडली. "ही वर्षे तू राहिलीस तरी गेलेली आहेत आणि गेलीस तरी गेलेली आहेत. जी रक्कम दोन्ही बाजूंना सारखीच पडते, ती हिशेबात धरत नाहीत," असे ती म्हणाली. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात, हे मीही वाचले होते. परंतु स्वतःच्या आयुष्यातली ती ओळ खोडायला दुसऱ्याचा हात लागला.

मग ती जे बोलली, ते केवळ तीच बोलू शकली असती, कारण नऊ वर्षे ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती. नव्याने लागलेल्या मुलांना तुळईतली मुख्य सळई खालच्या बाजूला का घालतात, हे समजावून सांगताना मी घड्याळ विसरत असे, आणि आराखडे पुरे करण्यासाठी मला रोज घड्याळाकडे बघावे लागे, हे तिने पाहिले होते. मला स्वतःला ते कधी जाणवले नव्हते. "तू तेव्हाच शिक्षिका होतीस," असे म्हणून तिने वही मिटली.

ती सळईची गोष्ट तुम्हालाही सांगते, कारण या दोघांचा विचार करताना ती मला वारंवार आठवते. तुळईवर भार आला की ती किंचित वाकते, वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. तो ताण पोलाद घेते. इतके वेगळे पदार्थ उन्हाथंडीत एकमेकांपासून सुटत नाहीत, याचे एक मोठे कारण असे की उष्णतेने ते जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. माझे हे दोन स्नेही एकमेकांना फारसे आवडत नाहीत. तिला तो बेभरवशाचा वाटतो आणि त्याला ती अतिसावध वाटते. तरी एका बाबतीत दोघे अगदी सारखे आहेत, ते म्हणजे मला बरे वाटावे म्हणून दोघांपैकी कोणीही कधी खोटे बोलत नाही.

शाळेतल्या जागेची बातमीही मला त्या मित्राकडूनच मिळाली. मैत्रिणीला आणि मला माहीत असलेली माणसे बहुतेक तीच असल्यामुळे, जे तिला कळते ते मला आधीच कळलेले असते; तो मात्र मी कधी पाऊल ठेवले नाही अशा जगांत वावरला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडले होते. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले, की ही बातमी देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे. वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे होते. ते वाचल्यावर मला थोडी भीती वाटली, कारण गेल्या काही वर्षांत मी फक्त माझ्यासारख्याच माणसांत रमत चालले होते आणि त्या मित्राला फोन करणे मी जवळजवळ सोडून दिले होते.

बाबा, तुम्ही ३४ वर्षे एकाच ठिकाणी नोकरी केलीत आणि त्या स्थैर्याच्या आधारावर माझे शिक्षण झाले. माझ्या निर्णयात त्या वर्षांचा अनादर आहे, असे कृपा करून मानू नका. आई, तू फोनवर काहीच बोलली नाहीस. तुझे मत माझ्याविरुद्ध असले, तरी ते मला ऐकायचे आहे.

मैत्रिणीच्या वहीतल्या त्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे. तळाशी औषधोपचारांची जी रक्कम आहे, ती मी अंदाजाने लिहिली आहे; ती कमी वाटली, तर बाबा, पेन्सिलीने दुरुस्त करून पान परत पाठवा. शाळा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होते आहे, आणि त्याआधीच्या रविवारी मी त्या मित्राला घेऊन तुमच्याकडे येणार आहे. त्या आठ महिन्यांविषयी तो स्वतःहून बोलला तर बोलू दे, तुम्ही विचारू नका.

तुमची,
लेक