सरांचं पिस्तूल, आणि तुला एक प्रश्न

प्रिय नंदे,

तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत. त्यांना सविस्तर लिहायचं आहे, पण आज नाही. आज दुसरंच आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे, आई मजेत.

सरांचं पिस्तूल माझ्याकडे आलं. परवान्याचे सगळे सोपस्कार काकूंनीच मागे लागून पुरे करून घेतले. पेटी हातात दिली तेव्हा म्हणाल्या, "नंदाला कळव." तेच करते आहे.

पेटी उघडली तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, हलेना. मॅगझिन काढली आणि जोर लावून स्लाइड मागे आणली. चेंबरमध्ये, गोळी बसते तिथे, डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालून पाहिलं. (सर समोर उभे असल्यासारखं सगळं क्रमाने केलं.) जुनं तेल आतमध्ये डिंकासारखं चिकटून बसलं होतं. नुसतं वरून पुसून भागणार नव्हतं, म्हणून मी ते पूर्ण खोललं. खालची फ्रेमसुद्धा.

वरचा भाग तू डोळ्यांवर रुमाल बांधून जोडायचीस, तो माझ्याही हातात अजून आहे. बॅरलची लिंक, बुशिंग, स्लाइड स्टॉप, सगळं लागलं. पुढच्या स्प्रिंगचं टोपण दाबताना मात्र खोलीत एकटीच असूनही "बाजूला व्हा!" असं ओरडले. तुझं टोपण उडून पंख्याला लागलं होतं आणि काकू बाहेरून "काय फुटलं?" म्हणत आल्या होत्या, आठवतं? सरांना इतकं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

खरा घाम खालच्या भागाने काढला. डिस्कनेक्टरचं (स्लाइड मागे असताना ट्रिगरचा सिअरशी संबंध तोडतो तो) डोकं फ्रेमच्या भोकातून वर काढायचं, सिअर (चढवलेला हॅमर, म्हणजे गोळी उडवणारी हातोडी, अडवून धरतो तो छोटा तुकडा) त्यावर बसवायचा, आणि दोघांची भोकं एका रेषेत आली की पिन सारायची. बोटं मावत नाहीत, चिमटा घसरतो. कधी पिन शिरते ती फक्त सिअरमधून, डिस्कनेक्टर आपला मोकळाच राहतो. ते जमलं की तीन पात्यांची स्प्रिंग. डावं पातं सिअरवर, मधलं डिस्कनेक्टरवर, उजवं ग्रिप सेफ्टीवर. तिचा खालचा आकडा फ्रेमच्या खाचेत अडकवून मेनस्प्रिंगचं हाउसिंग अर्धवट वर सरकवायचं, म्हणजे ती जागेवर राहते. तेवढ्यात थंब सेफ्टी बसवायला जावं तर डावं पातं सिअरवरून निसटतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे पिस्तूल खोलायला त्याचेच भाग हत्यार म्हणून पुरतात, हॅमरच्या स्ट्रटने पिना ढकलता येतात, हे सर किती अभिमानाने सांगायचे! हे 1911 पिस्तूल घडवणाऱ्या ब्राउनिंगच्या डोक्याला ते हात जोडायचे. 1911 च्या चाचणीत 6000 गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडलं नाही, तापलं की पाण्यात बुडवत, ही गोष्ट तर आपल्याला पाठच होती. पण ज्याने खोलण्याची इतकी सोय केली, त्याने जोडणाऱ्याला तिसरा हात द्यायला हवा होता, हे तुझं म्हणणं मला आता शब्दशः पटलं.

शेवटी जोडलं. थंब सेफ्टी टक्कन बसली तेव्हा फार बरं वाटलं. मग तपासणी. सेफ्टी वर करून ट्रिगर दाबला, हॅमर पडला नाही. ग्रिप सेफ्टी मोकळी सोडून दाबला, पडला नाही. स्लाइड किंचित मागे धरून दाबला, तरी नाही, म्हणजे डिस्कनेक्टर काम करतोय. राहिली शेवटची तपासणी. हॅमर चढवला, ट्रिगरला बोट न लावता अंगठ्याने मागून हॅमर पुढे दाबला. आणि नंदे, तो घसरला. अर्ध्या खाचेवर येऊन अडकला. त्या खाचेने आपलं काम केलं, पण तिथपर्यंत हॅमर यायलाच नको होता.

आधी वाटलं पातं पुन्हा निसटलं असेल. खोललं, पातं जागेवर होतं. मग सिअरच्या नाकाला काळ्या मार्करची शाई लावली, पुन्हा जोडलं, हॅमर थोडा चढवला-उतरवला आणि खोलून पाहिलं. शाई फक्त एका बाजूला पुसली गेली होती. म्हणजे सिअर ज्यांत अडकतो त्या हॅमरच्या दोन आकड्यांपैकी एकावरच सगळा भार. भिंगाखाली धरलं तर नाकावर बारीक तिरक्या रेघा. दगडाच्या. कुणीतरी हा सिअर घासला आहे.

सरांच्या पिस्तुलाचा सिअर!

मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. आपल्या त्या भांडणाची आठवण मी मुद्दाम काढत नाहीये, पण ती आल्याशिवाय राहील कशी? तुला ट्रिगर हलका हवा होता, तू दगड घेऊन आलीस, आणि सरांनी तो तुझ्या हातातून काढून घेतला. "ज्या आकड्यावर सगळं अडकलंय तो अर्ध्या मिलिमीटरचा आहे. त्यातलं तू काय काय घासणार?" तू महिनोन्महिने त्यांच्याशी बोलली नाहीस, आणि मी त्यांची बाजू घेतली म्हणून माझ्याशीही. माझं मत आजही तेच आहे. सर बरोबर होते. वरचा कडक थर एकदा गेला की खालचं मऊ पोलाद वापराबरोबर झिजत राहतं, आणि आज गोड वाटणारा ट्रिगर उद्या कधी दगा देईल हे सांगता येत नाही. पुरावा माझ्या टेबलावर पडला आहे.

सरांची वही तू ओळखतेस. कुठली स्प्रिंग कधी बदलली, कुठली पिन कुठून आणली, सगळं तारखेनिशी. ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सिअरबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या शेवटच्या हंगामात त्यांच्या जवळ तू होतीस, मी नव्हते. बोटांत जोर उरला नव्हता, ट्रिगर ओढताना नेम हलायचा, हे तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा त्यांनी स्वतः घासला का? की तुला घासायला दिला? दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला राग येणार नाही, खरंच. शेवटचे चार महिने त्यांना नेम धरता यावा म्हणून कुणी हे केलं असेल तर मला ते कळतं. पण आयुष्यभर जे आपल्याला करू दिलं नाही, ते करायची वेळ त्यांच्यावर आली असेल तर तेव्हा ते कसे होते, काय म्हणाले, हे मला ऐकायचं आहे. ते सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

एक मोह झाला तेही सांगते. डावं पातं जरा पुढे वाकवलं की सिअरवरचा दाब वाढतो आणि हॅमर घसरायचा थांबतो. घरच्या घरी पाच मिनिटांचं काम आहे. मी ते करणार नाही. त्याने दोष जात नाही, झाकला जातो, आणि मग पिस्तूल खोटं बोलायला लागतं. आता ते गनस्मिथकडेच जाईल. घरी जेवढं करायचं तेवढं झालं. सिअर आणि हॅमर एकमेकांना मापून बसवायला लागतात. त्यासाठी भाग अचूक कोनात धरणारा जिग लागतो, सवयीचा हात लागतो, आणि ते जमणाऱ्याकडेच द्यावं. तोवर त्यात एकही गोळी जाणार नाही.

म्हणून तुझं उत्तर लवकर हवं आहे. तो मला पहिला प्रश्न विचारेल तो हाच, की नुसता सिअर घासलाय की हॅमरचे आकडेही? मला आकडे स्वच्छ आणि चौकोनी दिसतात, पण माझ्या भिंगावर मी भरवसा ठेवत नाही. आकडे शाबूत असतील तर फक्त सिअर बदलून भागेल आणि सरांचा हॅमर राहील. जुना सिअर मी परत मागून घेणार आहे. तो तुला हवा असेल तर तुझा.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीची परीक्षा कशी गेली? आणि घर बांधायचं खरंच ठरलं का? हे सगळं पुढच्या पत्रात नीट विचारते, आज डोकं जागेवर नाही. आधी सिअरचं सांग. लिहायला वेळ नसेल तर फोन कर, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल. काकूंना यातलं काही बोललेले नाही. त्यांना सांगायचं की नाही तेही तूच ठरव.

तुझी,
वसू